हीटरमधलं तेल जळत नाही हो!

"हीटर तेलाचा आहे ना, म्हणून बिल येत नाही." हे वाक्य मला ज्या दुकानदाराने ऐकवलं, त्याला माझं जानेवारीचं वीजबिल वाचायला द्यायचंय. मोठ्याने. गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात.

आम्ही धुळ्याचे. खानदेश म्हटलं की पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना फक्त ऊन आठवतं. एकदा डिसेंबरात या म्हणावं. उत्तरेचं वारं सुटलं की पारा सात-आठवर येतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली. त्यात आम्ही शहाण्यांनी जुनं धाब्याचं घर पाडून वर स्लॅब टाकला. धाब्यावरच्या मातीच्या थराने उन्हाळ्यात गारवा असायचा आणि हिवाळ्यात ऊब. स्लॅबचं सगळं बरोब्बर उलटं. माय सत्तरीची, गुडघे धरतात, रात्रभर "माले थंडी वाजस" चालू.

पूर्वी ती घमेल्यात कपाशीच्या पऱ्हाट्यांचे निखारे घेऊन खोलीत ठेवायची. ते मीच बंद पाडलं. दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग, माणूस झोपेतच जातो. रॉकेलचा विचार सोडा. रेशनचं निळं रॉकेल गॅस असलेल्या घराला मिळत नाही. शेजारचे एक काका म्हणाले, स्टोव्हमध्ये डिझेल घाल. धन्यवाद काका.

म्हणून गेलो दुकानात 'ऑईल हीटर' बघायला. पांढरा, चाकांवरचा, मोटारीच्या रेडिएटरसारख्या उभ्या पात्या. नऊ पात्यांचा, अकरा पात्यांचा, तेरा पात्यांचा. दुकानदार म्हणे, "तेरावालाच घ्या साहेब, पात्या जास्त तेवढी ऊब जास्त. आणि आत तेल आहे, तेल तापतं, विजेला काम कमी." आणि मी, बारावीला फिजिक्स घेतलेला माणूस, मान हलवत साडेनऊ हजार मोजून आलो. राग त्याच्यावर आहे तितकाच स्वतःवर आहे.

अरे, त्या तेलाचा एक थेंबसुद्धा जळत नाही! ते कारखान्यात भरून पक्कं बंद केलेलं असतं. कधी भरायचं नाही, कधी बदलायचं नाही. आतली विजेची कॉइल तेल तापवते, तेल पात्या तापवतं, पात्या हवा. तेलाचं काम एवढंच, की ऊब धरून ठेवायची. म्हणून खोली गरम व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि बटण बंद केल्यावरही थोडा वेळ ऊब राहते. ऊब किती मिळणार, हे वॅटवर ठरतं, पात्यांवर नाही. पात्या जास्त असल्या तर तीच उष्णता जास्त जागेवर पसरते, पत्रा कमी चटका देतो. दोन हजार वॅट म्हणजे पूर्ण ताकदीने तासाला दोन युनिट. आत तेल असो, पाणी असो की गंगाजल.

जळणारं तेल वेगळं. माझा भाचा अमेरिकेत राहतो, मॅसॅच्युसेट्सला. तिकडे पुष्कळ घरांच्या तळघरात पावणेतीनशे गॅलनची, म्हणजे हजारएक लिटरची टाकी असते. टँकर येतो, तेल भरून जातो, खालची भट्टी ते जाळते आणि घर तापतं. ते आपल्या डिझेलचंच भावंड. त्यावर रस्त्यावरच्या डिझेलइतका कर नाही, म्हणून त्यात लाल रंग घालतात, कोणी गाडीत टाकलं तर पकडता यावं. आपल्या रेशनच्या रॉकेलला निळा रंग का, ते आठवा. चोर सगळीकडे सारखेच. तसलं तेल किंवा रॉकेल लिटरभर जळलं की साधारण दहा युनिटांइतकी उष्णता निघते. त्या तेलात खरोखर ऊब साठवलेली असते. माझ्या पांढऱ्या डब्यातल्या तेलात काही नाही, ते नुसतं हमालासारखं उष्णता इकडून तिकडे नेतं.

आणि पुढचं ऐका. "कुठल्याही सॉकेटला चालेल," असंही दुकानदाराने सांगितलं होतं. दोन हजार वॅट म्हणजे पावणेनऊ अँपिअर. खोलीतलं सॉकेट सहा अँपिअरचं. चौथ्या रात्री जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. प्लग ओढला तर निघेना. निघाला तेव्हा एक पिन काळी पडलेली आणि सॉकेटचं तोंड वितळून वाकडं झालेलं. माय शेजारीच गोधडी घेऊन झोपलेली. वायरमनने सोळा अँपिअरची नवी लाइन ओढली, त्याचे पैसे वेगळे.

थर्मोस्टॅट आहे म्हणून खोली तापली की आपोआप बंद होतो म्हणे. होतो ना, खोली तापली तर! आमच्या दाराखाली बोटभर फट. पहिले पंधरा दिवस मी घराबाहेरचा साक्री रोडसुद्धा तापवत होतो. फटीत जुनी चादर कोंबली तेव्हा कुठे हीटरच्या आत 'टक्' असा आवाज यायला लागला. बिल काय आलं विचारू नका. आमचं घर एरवी शंभर युनिटांच्या आत बसतं. त्या महिन्यात एकशेनव्वद युनिट जास्त, आणि शंभरच्या वरचं युनिट काय भावाने पडतं ते बिल भरणाऱ्याला विचारा.

हीटर वाईट आहे असं नाही. धूर नाही, उजेड नाही, लाल तार नाही, मायचे गुडघेही जरा बरे आहेत. साधा वॅटचा हिशोब सांगून विकला असता, तरी मी घेतला असता. बहुतेक नऊ पात्यांचाच.

परवा बिल घेऊन दुकानात गेलो. तो आतल्या बाजूला एका जोडप्याला तेरा पात्यांचा दाखवत होता. मी घरी आलो. माय हीटरभोवती फिरून त्याला खालून-वरून न्याहाळत होती.

"भाऊ, यामा तेल कोठे टाकतस रे?"