देवीचा वण आणि इसब असलेली मुलं

आधीच्या पिढीच्या दंडावरचा देवीचा वण पाहिला की रोग हद्दपार झाल्याचा अभिमान वाटतो. मलाही वाटतो. देवी आलेल्या दर दहांपैकी साधारण तिघे दगावत, म्हणजे ती लस हवीच होती. पण त्याच लशीने ज्या मुलांची कातडी सोलवटून निघाली, त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही, याचा मला मनापासून त्रास होतो.

या लशीत व्हॅक्सिनिया नावाचा जिवंत विषाणू असे. टोचल्या जागी फोड येई, त्यात पू भरे, खपली धरे. खपली पडेपर्यंत, म्हणजे साधारण तीन आठवडे, त्या जागेतून संसर्ग पसरू शके. लहान मूल खाजवणारच. तोच हात डोळ्याला लागला की तिथेही फोड. निरोगी कातडीवर गोष्ट बहुधा इतक्यावरच थांबे. इसब असलेल्या मुलाचं तसं नव्हतं. त्याच्या कातडीला आधीच भेगा, त्यामुळे विषाणू अंगभर पसरे. फोड, ताप, आणि उघड्या जखमांत नंतर शिरणारे जिवाणू. भाजलेल्या मुलासारखी शुश्रूषा करावी लागे. त्यातही वाईट म्हणजे अशा मुलाला स्वतःला लस टोचलेली असायची गरजच नसे. भावंडाच्या दंडावरचा ताजा फोड पुरे होई.

१९६८ च्या अमेरिकेतल्या पाहणीत पहिल्यांदा लस घेणाऱ्या दर दहा लाखांमागे असे सुमारे ३९ रुग्ण आढळले. आकडा लहान आहे, मान्य. पण त्यातल्या एकाच्या आईला तो सांगून बघा. हेन्री केम्प या बालरोगतज्ज्ञांनी अशी मुलं स्वतः बरी केली होती. लस घेतलेल्यांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचं औषध त्यांनी वापरलं, आणि देवी नसलेल्या अमेरिकेत मुलांना सरसकट टोचणं थांबवा, असं १९६५ मध्ये उघड सांगितलं. ते थांबलं १९७२ मध्ये. त्यांना लसविरोधक म्हणायची कोणाची छाती आहे?

२००७ मध्ये अमेरिकेतच २८ महिन्यांच्या, इसब असलेल्या एका मुलाला हाच आजार झाला. लस सैनिक असलेल्या वडिलांनी घेतली होती. मुलगा वाचला, ४८ दिवसांनी रुग्णालयातून सुटला.

आता शरीरात न वाढणाऱ्या विषाणूची लस आहे, इसब असलेल्यांनाही ती चालते. जुन्या प्रकारची जिवंत लस मात्र अजून साठ्यात आहे. ती कोणालाही टोचण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या कातडीची चौकशी झालीच पाहिजे, फक्त टोचून घेणाऱ्याच्या नाही.