हाताला कळलेली गोष्ट

उजव्या अंगठ्याने मासा ओढायचा, पात्याखाली सरकवायचा, डोकं उडालं की धड पुढे ढकलायचं. लगेच पुढचा मासा. 'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच' (2017) या व्हिडिओ गेममधला लुईस मासे डबाबंद करायच्या कारखान्यात हे काम करतो, आणि ते आपल्याला करावं लागतं. काम करता करता तो मनात एक राज्य रचू लागतो. मग डाव्या अंगठ्याने त्या राज्यात फिरायचं आणि उजव्याने मासे कापत राहायचं. हळूहळू ते राज्य सगळा पडदा व्यापतं, तरी उजवा हात न बघता चालूच असतो. एक माणूस जगापासून कसा सुटत जातो, ते मला आधी अंगठ्याला कळलं, मग डोक्याला. कंट्रोलर (ज्याच्या दांड्या अंगठ्यांनी हलवून गेम खेळतात ते हातातलं यंत्र) खाली ठेवून मी बराच वेळ नुसती बसून होते.

माझ्या पुस्तकवेड्या मैत्रिणी विचारतात, गेममध्ये कसलं आलंय लेखन? ही पोस्ट त्यांच्यासाठीच आहे. मध्येमध्ये सिनेमा दाखवणारे गेम पुष्कळ आहेत, ते मी सुचवणार नाही. जी गोष्ट आपल्याला करायला लावल्याशिवाय सांगताच येणार नाही, ती मला हवी असते.

'पेपर्स, प्लीज' (2013) घ्या. लुकास पोप या एकट्या माणसाने केलेला गेम. आपण आर्स्टोट्झ्का नावाच्या काल्पनिक देशाच्या सीमेवर येणाऱ्यांचे कागद तपासणारे कारकून. तपासलेल्या माणशी 5 क्रेडिट (तिथलं चलन) मिळतात, त्यातून संध्याकाळी घरभाडं, जेवण आणि घर उबदार ठेवायचा खर्च भागवायचा. एक नवरा येतो, कागद चोख. जाताना सांगतो, मागे बायको आहे, तिला सांभाळून घ्या. ती येते, आणि तिच्याकडे प्रवेशाचा परवानाच नाही. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना फक्त ताकीद, पुढच्या चुकीपासून पगार कापला जातो. मी तिला आत सोडलं, पण त्याआधी आज किती चुका झाल्यात ते मोजलं. ते मोजणं मला अजून टोचतं.

'डिस्को एलिझियम' (2019) मात्र निव्वळ शब्दांवर उभा आहे. स्मृती गेलेला दारुडा डिटेक्टिव्ह, एक खून, आणि त्याच्याच डोक्यातली 24 कौशल्यं त्याच्याशी बोलतात, भांडतात, कधी चुकीचा सल्लाही देतात. रॉबर्ट कुर्विट्झ या एस्टोनियन लेखकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पराभूत माणसाबद्दल इतक्या मायेने लिहिलंय की त्या डिटेक्टिव्हच्या सोबतीला असलेला दुसरा पोलीस, किम कित्सुरागी, मला आता ओळखीचा माणूस वाटतो. भाषा अवघड आहे, वेळ लागेल, लागू द्या.

इतका वेळ नसेल तर 'वेंबा' (2023). कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, आणि आईकडून आलेली पाककृतींची जीर्ण वही. ओळी पुसट झालेल्या, कुठे पान फाटलेलं. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या, तेसुद्धा आपणच शोधायचं. इंग्रजीत वाढलेल्या मुलाला, कविनला, आईची भाषा धड येत नाही. माझा भाचा न्यू जर्सीत वाढतोय. आजीने फोनवर सांगितलेलं 'चिमूटभर' म्हणजे किती, हे त्याने मला मेसेज करून विचारलं होतं. त्याला मी हा गेम पाठवलाय. तासा-दीड तासात संपतो, तुम्हीही आई शेजारी असताना खेळा.