दरवाजाची मर्जी

मिनीव्हॅन घ्यायला गेलेला माणूस इंजिनाची चौकशी करतो, मायलेज विचारतो, एअरबॅगा मोजतो. सरकत्या दरवाजाबद्दल कोणी काही विचारत नाही. विक्रेता बटण दाबतो, दरवाजा आपोआप मागे सरकतो, पोरं टाळ्या वाजवतात आणि तेवढ्यावर सौदा पक्का होतो. पुढची सगळी वर्षं मग घराचा कारभार त्या दरवाजाच्या मर्जीने चालतो. आमच्या गाडीचं इंजिन इतकी वर्षं मुकाट्याने चालतंय. त्याच्याबद्दल लिहिण्याजोगं काही नाही, याहून मोठी शाबासकी इंजिनाला कोण देणार? गिअरबॉक्सही गुणी आहे, वेळेवर तेल बदललं की गप्प असतो. तेव्हा बोलायचंय ते दरवाजाबद्दलच.

हा दरवाजा बिजागरीवर नसतो, रुळांवर असतो. एक रूळ वर छताच्या कडेला, एक खाली पायरीपाशी आणि एक मधोमध, मागच्या पत्र्यात. प्रत्येक रुळात रोलर, आणि हे सगळं धूड ओढायला मोटर नि तिच्यावर गुंडाळलेली पोलादी केबल. बंद होताना मध्ये काही आलं तर मोटरला ते जाणवतं आणि दार उलटं फिरतं, कोणाचं बोट चिरडू नये म्हणून. सोय उत्तम आहे. फक्त खालच्या रुळातला खडा आणि माणसाचं बोट यांतला फरक त्याला कळत नाही. दोघांवर सारखीच दया.

त्यामुळे होतं काय, की धो धो पाऊस पडत असतो, मागचे लोक हॉर्न वाजवत असतात, आणि दार बंद होत होत चार बोटांवर येऊन थांबतं. जरा विचार करतं. टूं टूं करतं. आणि परत सताड उघडतं.

"बाबा, परत दाबा," मुलगा.

"दाबू नका हो, हाताने ओढा," बायको.

"अरे, माझा पाय आत आहे, नीट आत आहे," आई. तिला दर वेळी वाटतं की आपल्याच पायामुळे अडलंय. प्रत्यक्षात ती बिचारी दुसऱ्या बाजूला बसलेली असते.

एका सुट्टीच्या दिवशी टॉर्च आणि जुना टूथब्रश घेऊन मी त्या खालच्या रुळापाशी उकिडवा बसलो. निघालेला ऐवज असा: अर्धा मेणाचा खडू, केसांची क्लिप, एक नाणं, आणि बिस्किटाचा चुरा नि सांडलेला ज्यूस यांचा वर्षानुवर्षं घोटलेला लेप, जो शेवटी स्क्रू-ड्रायव्हरनेच खरवडावा लागला. त्या लेपात बाहुलीचा एक बूट रुतलेला होता. या बुटासाठी एके काळी घरात रडारड झाली होती, सोफा उलटा केला होता, कामवाल्या बाईंना नको ते विचारून झालं होतं. मी तो धुऊन, पुसून मुलीच्या हातावर ठेवला. "ई! हे काय?" ती म्हणाली आणि परत मोबाइलमध्ये गेली.

रूळ स्वच्छ झाल्यावर दार काही दिवस शहाण्यासारखं वागलं. मग पेट्रोलपंपावरचा प्रकार झाला. आमच्या गाडीत पेट्रोलचं झाकण ज्या बाजूला आहे, त्या बाजूचा दरवाजा उघडून मागे सरकला तर सरळ त्या झाकणावर आदळेल. म्हणून झाकण उघडं असेपर्यंत तो दरवाजा उघडायचाच नाही, अशी आतून तजवीज केलेली आहे. आता लहान मुलाला शौचालयाला जायची घाई नेमकी कधी होते? नळी टाकीत गेल्यावरच. आणि तो बसलेला कुठल्या बाजूला असतो, हे सांगायची गरज नाही. बरं, दुसऱ्या बाजूने उतरवावं तर मध्ये आई, आईच्या मांडीवर पिशवी आणि पिशवीत अख्खा संसार. शेवटी त्याला पुढच्या दोन सीटांमधून ओढून काढला. पंपावरचा पोरगा नळी हातात धरून हे बघत होता. "दार खराब आहे का?" त्याने विचारलं. नाही रे बाबा, चांगलं आहे, म्हणूनच ही वेळ आली.

बॅटरी बदलली तेव्हा एक नवीनच कळलं. वीज तुटली की या दरवाजाची स्मृती जाते. आपण उघडे आहोत की मिटलेले, हेच त्याला आठवत नाही. मग एकदा हाताने पूर्ण बंद करून त्याला ओळख पटवून द्यायची. ही माहिती गाडीबरोबरच्या पुस्तकात आहे, पुस्तक डॅशबोर्डच्या खणात आहे, आणि त्या खणात इतर इतकं काही आहे की पुस्तक काढायचं म्हणजे उत्खननच.

मग केबल गेली. जाण्याआधी महिनाभर ती कुरकुरत होती. तिचे एकेक तंतू तुटत होते आणि आम्ही रेडिओचा आवाज वाढवत होतो. मेकॅनिकने पॅनल उघडलं, आत बघितलं, आणि 'पेशंटला आणायला उशीर केलात' छापाचा सुस्कारा सोडला.

"केबल बदलून टाका," मी म्हणालो.

"नुसती केबल येत नाही. मोटरसकट अख्खं युनिट येतं."

"पण मोटर चांगली आहे ना?"

"एकदम चांगली आहे," तो म्हणाला. माझ्या सांत्वनाला तेवढंच होतं.

मी युनिट घेतलं नाही. मोटर सोडवून दरवाजा हाताने सरकवायचा, असं ठरलं. सपाट रस्त्यावर हे ठीक चालतं. उतारावर गाडी तोंड खाली करून उभी केली, की दार शेवटपर्यंत मागे जाऊन खटकन अडकलं पाहिजे. नाहीतर आपण अर्धे आत असताना ते आपल्या मागून येतं.

एवढा जाच असूनही लोक ही गाडी का घेतात, याचं उत्तर तिच्या आतल्या, पायाखालच्या जमिनीत आहे. हॅल स्पर्लिक आणि ली आयकोका या अमेरिकी मोटार उद्योगातल्या दोन अधिकाऱ्यांनी घरच्या गॅरेजात मावेल अशी व्हॅन काढायची कल्पना आधी फोर्डमध्ये मांडली होती. तिथे ती कोणी मनावर घेतली नाही. यथावकाश दोघांचीही तिथून गच्छंती झाली, दोघंही क्रायस्लर या दुसऱ्या मोटार कंपनीत गेले, आणि नोव्हेंबर 1983 मध्ये त्यांची मिनीव्हॅन कारखान्यातून बाहेर पडू लागली. इंजिन पुढे आडवं आणि ओढ पुढच्या चाकांना, त्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा दांडा नाही. म्हणून जमीन बुटकी, सपाट आणि चढायला सोपी. क्रायस्लरने सरकता दरवाजा सुरुवातीला एकाच बाजूला दिला होता. दुसऱ्या बाजूचा 1996 च्या मॉडेलपासून मिळू लागला. म्हणजे बारा वर्षं लोक निम्म्या मनस्तापात सुखाने राहत होते आणि तरीही त्यांना दुसरा हवासा वाटला.

त्या आडव्या इंजिनाची किंमत मात्र कोणीतरी मोजतंच. आमचं व्ही-सिक्स आहे, म्हणजे तीन-तीनच्या दोन रांगांत सहा सिलिंडर. तीन स्पार्क प्लग समोर, अगदी हाताशी. उरलेले तीन मागे, काचेखालच्या पत्र्याला पाठ लावून. पुढचे बोलता बोलता बदलून होतात, मागच्यांसाठी इंजिनावरचं इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांचं जुडगं, उतरवावं लागतं. मेकॅनिकने मजुरी लिहिताना पुढच्यांची आणि मागच्यांची वेगवेगळी लिहिली. "मागचे राहू दिले तर?" मी विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही.

स्टेपनीबद्दल थोडक्यात सांगतो. ती गाडीच्या पोटाखाली तारेला टांगलेली असते आणि ती खाली सोडायचा नट पुढच्या दोन सीटांच्या मधे, कार्पेटखाली. म्हणजे पंक्चर बाहेर, आणि आपण आत गुडघ्यांवर बसून कार्पेट उचकटतोय. येणारेजाणारे काय समजत असतील कोण जाणे.

शेवटी बायको म्हणाली, "पुरे झालं, साध्या दारांची गाडी घेऊ." आम्ही सहकुटुंब शोरूममध्ये गेलो. उंच, रुबाबदार एसयूव्ही होती. मुलाने हँडल धरलं आणि सवयीने मागे ओढलं, चांगलं जोर लावून. विक्रेत्याचा चेहरा पडला. "बाहेर ओढायचं, बाळ," तो म्हणाला. मुलगी आत बसली आणि दार तसंच टाकून मोबाइल बघू लागली. दार बंद करणं हे माणसाचं काम असतं, हे तिला जन्मापासून कोणी शिकवलंच नव्हतं. आईने पायरीवर एक पाय ठेवला, वर बघितलं आणि पाय परत खाली घेतला. "छान आहे," ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी इथे थांबते."

घरी येऊन मी मेकॅनिकला फोन लावला आणि युनिट मागवायला सांगितलं.

"कुठल्या बाजूचं?"

मी बायकोकडे बघितलं. तिने दोन बोटं वर केली.