भिंतीवरचं शून्य

आज लेकीला शाळेत सोडायला गेले तर ऑफिसबाहेर यादी चिकटवलेली. कुठल्या पालकाचे शाळेतल्या कामाचे किती तास भरले त्याची. माझ्यापुढे ४२. लेकीच्या मैत्रिणीच्या आईपुढे शून्य. सकाळपासून डोकं फिरलंय.

तिकडच्या मित्रमंडळींसाठी सांगते. कॅलिफोर्नियात चार्टर स्कूल म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, पण कारभार बघणारं स्वतःचं मंडळ, म्हणजे बोर्ड, असलेली शाळा. १९९२ मध्ये इथे तसा कायदा झाला. फी नाही, अर्ज जास्त आले की सोडत. आमच्या शाळेत मात्र दर घराने वर्षाला ३० तास काम द्यायचं. बाग, सहल, वाचनालय, काहीही.

ती बाई मेक्सिकोची. दिवसा हॉटेलातल्या खोल्या आवरते, संध्याकाळी ऑफिसं झाडते. पहिल्या पालकसभेत तिने हात वर करून विचारलं होतं, "माझ्या मोठ्या मुलाने तास भरले तर चालतील का?" मुलगा चौदा वर्षांचा. सगळे गप्प. मीसुद्धा. तेच आज खातंय मला.

माझे ४२ भरले कारण मी घरून काम करते आणि आमच्याकडे दोन गाड्या आहेत. बास. यात माझं कसलं कर्तृत्व?

पालक आले नाहीत तर सहली निघणार नाहीत, मान्य. शिक्षक किती राबतात तेही दिसतं. पण २०१७ साली याच राज्याने कायदा केला की पालकांचा सहभाग ही प्रवेशाची किंवा शाळेत राहण्याची अट नाही, आणि शाळेने पालकांना तसं कळवायचं. कुठल्या तरी फॉर्मच्या तळाशी असेलही ते. पण त्या सभेत तिला एवढं एक वाक्य सांगायला काय जात होतं? उलट नाव भिंतीवर! लाज वाटायला हवी.

आपल्यातल्या किती जणांचे आईवडील शाळेत यायचे हो? माझी आई एकदाच आली, दाखला न्यायला. म्हणून काय तिचं लक्ष नव्हतं?

त्या बाईची मुलगी रोज वेळेआधी येते. दोन घट्ट वेण्या, गृहपाठ पूर्ण. आई पहाटे पाचला उठवून वेण्या घालते, असं तिनेच माझ्या लेकीला सांगितलं. ते तास कोण धरणार?

मंगळवारी साडेसहाला बोर्डाची मीटिंग आहे. तेव्हा ती कामावर असते. मी जाणार आहे, आणि या वेळी हात वर करणार आहे. इथले आणखी कोणी येताय का?