कारखान्याची ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर टाकायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या भावोजींचा छोटा कारखाना आहे. पाइपांचे फ्लँज (पाइप जोडायच्या भोकं पाडलेल्या चकत्या), सपोर्ट, ब्रॅकेट असलं काम. बराचसा माल जहाजबांधणीला जातो. परवा त्यांनी एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली विचारलं, "ॲडव्हान्स भरून टाकू का?" तोच मेसेज वेर्ण्याच्या आणि मडकईच्या ओळखीच्यांकडूनही आला, म्हणून इथे जाहीर लिहितो आहे.

मेसेजचं म्हणणं असं: संरक्षण क्षेत्राला माल देणाऱ्या प्रत्येक लघुउद्योगाला आता 'संपूर्ण डिजिटल' होणं सक्तीचं आहे. सीएमएमसी हे सायबर सुरक्षेचं प्रमाणपत्र नसेल तर ऑर्डरी बंद. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, शुल्क भरून नव्याने करावी लागेल. जुने लेथ चालणार नाहीत, सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं यंत्रच हवं. कागदी ड्रॉइंग बंद करा, फोटो काढून कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. शेवटी एक फोन नंबर, हे सगळं एकाच पॅकेजात करून देणाऱ्याचा.

सीएमएमसी ही खरी गोष्ट आहे, पण ती अमेरिकेच्या संरक्षण खात्याची. 10 नोव्हेंबर 2025 पासून ती अट त्यांच्या कंत्राटांत टप्प्याटप्प्याने येऊ लागली. त्या कंत्राटांची साखळी जिथवर जाते तिथवर ती लागू होते. तुम्ही अमेरिकी संरक्षण कंपनीसाठी सुटे भाग करत असाल, तर तुमच्या ग्राहकालाच विचारा. वास्कोच्या शिपयार्डला फ्लँज देणाऱ्याने त्यापायी झोप उडवून घ्यायचं काही कारण नाही.

उद्यम नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू आहे. ती मोफत आहे आणि स्वयंघोषणेवर होते. त्यासाठी शुल्क मागणारा सरकारचा माणूस नव्हे. लेथचं म्हणाल तर ड्रॉइंगवर माप आणि टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लिहिलेला असतो, यंत्राचं वय नाही. माप बसलं आणि माप घ्यायच्या मायक्रोमीटरचा कॅलिब्रेशन दाखला (तो अचूक मोजतो याचा) चालू मुदतीतला असला, की यंत्र जुनं म्हणून माल परत येत नाही.

आता ड्रॉइंगचा मुद्दा. हा वाचून मला खरोखर संताप आला, कारण बाकीच्या थापांनी पैसे जातील, या सल्ल्याने माणूस तुरुंगात जाऊ शकतो.

ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट हा कायदा 1923 चा. त्याचं कलम 5 कारखानदारांनी एकदा तरी वाचावं. त्यात फक्त सरकारी नोकर येत नाहीत. सरकारच्या वतीने झालेलं कंत्राट ज्याच्याकडे आहे तो येतो, आणि त्याच्या हाताखाली कामाला असलेला माणूसही येतो. स्केच आणि प्लॅन यांचा उल्लेख त्यात आहे. गोपनीय कागद मुद्दाम कुणाला देणं हा गुन्हा आहेच, पण त्याची वाजवी काळजी न घेणं हाही गुन्हा आहे. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद. प्रत्येक फ्लँजचं ड्रॉइंग गोपनीय असतं असं मी म्हणत नाही, बरीचशी मानक मापांचीच असतात. पण कुठलं गोपनीय आणि कुठलं नाही हे आपण ठरवायचं नसतं, पॅकेज विकणाऱ्याने तर नाहीच. ग्रुपवर टाकलेला फोटो दहा जणांच्या फोनमध्ये उतरतो, त्यांच्या बॅकअपमध्ये जातो, आणि पोरगा काम सोडून गेला की त्याच्याबरोबर बाहेर पडतो.

कायदा क्षणभर बाजूला ठेवा, हा सल्ला कामाच्या दृष्टीनेही घातक आहे. ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात चौकट असते, तिच्यात रिव्हिजनचं, म्हणजे ड्रॉइंगच्या सुधारित आवृत्तीचं, अक्षर असतं. 'सी'मध्ये बोल्टच्या भोकांचं अंतर एक, 'डी'मध्ये बदललेलं. फोनवर फोटो घेताना नेमका तो कोपरा कापला जातो. ग्रुपवर दोन्ही फोटो पडलेले, फिटर वर सरकवत जातो आणि आधी दिसेल तो उघडतो. पुसट फोटोत 3 आणि 8 सारखेच दिसतात. मग अख्खा लॉट रिजेक्ट, आणि प्लेटचे पैसे आपल्या अंगावर. यावरचा उपाय फुकट आहे: चालू रिव्हिजन एकाच कॉम्प्युटरवर, पासवर्डखाली ठेवा. छापील प्रत सही घेऊन द्या आणि नवीन देताना जुनी परत घ्या.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. नुसत्या वहीवर चालणाऱ्याची पुढे कोंडी होणार आहे. सरकारी खरेदीचं जेम पोर्टल 2016 पासून आहे, टेंडर ऑनलाइन निघतात. बिलांवर बँकेकडून लवकर पैसे मिळवून देणाऱ्या ट्रेड्स या व्यवस्थेत केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांना 2018 पासून नोंदणी सक्तीची आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण हे मागायला माल पोचल्याची तारीख आणि सही असलेलं चलान हाताशी लागतं. ते आपल्याकडे बहुतेकांच्या ड्रॉवरात कुठेतरी असतं.

तेव्हा सुरुवात करायचीच तर हीट नंबरपासून करा, म्हणजे प्लेटचं पोलाद कुठल्या घाणीतलं ते सांगणाऱ्या नंबरपासून. प्लेट आली की तिच्यावरचा नंबर मिल टेस्ट सर्टिफिकेटशी (पोलाद कारखान्याच्या चाचणी दाखल्याशी) ताडून बघा. कापण्याआधी तो उरणाऱ्या तुकड्यावरही पंच करा. नाहीतर कापून झाल्यावर तो तुकडा कुठल्या प्लेटचा हे सिद्ध करता येत नाही, आणि चांगलं पोलाद असूनही संरक्षणाच्या कामाला ते चालत नाही. मग एक्सेलमध्ये एक ओळ: हीट नंबर, सर्टिफिकेट, ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन, चलान, माल पोचल्याची तारीख. एवढ्यासाठी कुणाला ॲडव्हान्स द्यावा लागत नाही.