माकडाचं राहू द्या, प्रश्न आदामाचा आहे

मी कॅथलिक आहे आणि उत्क्रांती मानतो, असं म्हटलं की नास्तिक मित्राला वाटतं याने धर्म अर्धा सोडला, आणि परंपरावाल्या मित्राला वाटतं याने तो पूर्णच सोडला. दोघांशी वाद घालून दमलोय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिलं ते सहा दिवसांचं, म्हणजे देवाने सहा दिवसांत जग निर्माण केलं असं बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकात आहे त्याचं. चोवीस तासांचे सहा दिवस मानले नाहीत तर तुम्ही कॅथलिकच नाही, हे आजकाल फार ऐकू येतं, आणि वर परंपरेचं नाव. अरे पण कुठली परंपरा? ख्रिस्तपूर्व 4004 साली जग झालं हा हिशोब ज्यांचा म्हणून प्रसिद्ध आहे ते जेम्स अशर अँग्लिकन आर्चबिशप होते, आपले नव्हेत. संत ऑगस्टीनने पाचव्या शतकातच विचारलंय की सूर्य जर चौथ्या दिवशी झाला तर आधीचे तीन दिवस कसले दिवस? त्याच्या मते देवाने सगळं एकदम निर्माण केलं आणि पुढे काळाच्या ओघात उगवून यावं असं बरंच काही बीजासारखं त्यात ठेवलं. (म्हणून ऑगस्टीन म्हणजे डार्विनचा आजोबा असं पण कृपा करून म्हणू नका, प्रजाती बदलतात वगैरे त्याच्या डोक्यात नव्हतं.) सहा दिवस शब्दशः घेणारे चर्चपितेही (चर्चच्या सुरुवातीच्या शतकांतले मोठे शिक्षक) होते, ते मान्य. पण 1909 मध्ये, पोप दहावे पायस यांच्या काळात, म्हणजे मॉडर्निझमचा (धर्माची शिकवण आधुनिक विचारांप्रमाणे बदलू पाहण्याचा) नुसता वास आला तरी कारवाई व्हायची त्या काळात, बायबल कमिशनने (बायबलच्या अर्थाचे प्रश्न पाहणाऱ्या व्हॅटिकनच्या समितीने) सांगितलं की उत्पत्तीतला 'दिवस' हा नेहमीचा दिवस की एखादा मोठा काळ, यावर कॅथलिक अभ्यासकांनी मोकळेपणी चर्चा करावी. त्याच कमिशनने माणसाची विशेष निर्मिती, मानवजातीची एकता, आदिपाप (आदामाच्या पहिल्या पापाचा वारसा प्रत्येकाला जन्मतःच मिळतो ही शिकवण) हे मात्र घट्ट धरून ठेवलं. म्हणजे कशावर अडायचं आणि कशावर नाही हे त्या कडक लोकांना आपल्यापेक्षा बरं कळत होतं!

मग 1950. पोप बारावे पायस 'हुमानी जेनेरिस' या आपल्या परिपत्रकात म्हणाले की माणसाचं शरीर आधीच्या सजीवांपासून आलं का याचा शोध तज्ज्ञांनी जरूर घ्यावा, पण आत्मा प्रत्येक वेळी थेट देवच निर्माण करतो. 1996 मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही नुसत्या गृहीतकापेक्षा जास्त आहे असं म्हटलं, पण आत्म्याची अट तशीच ठेवली. मला हे पटतं. आत्मा काही हाडांमध्ये सापडणारी वस्तू नाही, त्यामुळे विज्ञान तो सिद्धही करणार नाही आणि खोडूनही काढणार नाही.

खरी अडचण पुढे आहे आणि तिच्यावर कोणी फारसं बोलत नाही. ट्रेंटच्या परिषदेने 1546 मध्ये सांगितलं की आदिपाप वंशातून उतरतं, अनुकरणातून नाही. वंशातून म्हटलं की सगळ्यांचा मूळ पुरुष असा एकच आदाम लागतो. आणि जनुकशास्त्र म्हणतं की आपल्या पूर्वजांची संख्या कधी दोनवर आलेलीच दिसत नाही, ती हजारांत होती. बारावे पायस यांनी लिहिलं की अनेक आद्यपुरुषांचं मत श्रद्धावंतांना धरता येणार नाही, कारण ते आदिपापाच्या शिकवणीशी कसं जुळवायचं ते मुळीच दिसत नाही. काहीजण म्हणतात दार बंद केलं, काहीजण म्हणतात नुसतं लोटलं. मला विचाराल तर कडी लावलेली नाही, पण धक्का मारून उघडायचं धाडसही कोणी करत नाहीये.

चर्च उगाच हट्ट करत होतं असंही नाही. एकोणिसाव्या शतकात मानववंशांचे उगमच वेगवेगळे आहेत असं म्हणणारे लोक होते, आणि गुलामगिरीच्या समर्थकांना ते आयतंच मिळालं. त्यांच्यासमोर 'सगळे एकाच आदामाची लेकरं' म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती. अर्थात आजचं जनुकशास्त्र ते म्हणतच नाही, ते एका मोठ्या कुळाबद्दल बोलतं, त्यामुळे जुनी उत्तरं इथे जशीच्या तशी चिकटवून भागत नाही.

एक तोडगा सुचवला जातो तो असा की शरीराने माणसासारखे हजारो असतील, देवाने त्यातल्या दोघांना आत्मा दिला, त्यांची मुलं बाकीच्यांत मिसळली आणि शेवटी सगळेच त्यांचे वंशज झाले. तर्काने बसतं हो. पण जरा डोळ्यासमोर आणा, नवऱ्याला आत्मा आहे आणि बायकोला नाही, दिसायला दोघं सारखीच, मग ती दोघं एकमेकांशी बोलत काय असतील? इथे माझी गाडी अडते, आणि ती अडलीये हे सांगायला मला लाज वाटत नाही.

त्यात निअँडरथल, म्हणजे आता नामशेष झालेली माणसाची एक जुनी जात. आफ्रिकेबाहेरच्या माणसांत त्यांचा साधारण एक-दोन टक्के डीएनए आहे, म्हणजे माझ्यातही असणार. ते स्वतःच्या मेलेल्या माणसांना पुरत होते. माझ्या त्या पणज्याला आत्मा होता का? मी तरी 'होता' असंच धरून चालतो, मग त्यासाठी आदामाला कितीही लाख वर्षं मागे न्यावं लागलं तरी चालेल.