108 सेकंदांचा हिशेब मुलांचे गुण खातो आहे

बारावीची बोर्डाची परीक्षा संपली की पालकांच्या आणि क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा माझ्या पाच विद्यार्थ्यांनी तो मला पाठवला आणि पाचही जणांनी विचारलं, "सर, असंच करायचं ना?" मेसेज थोडक्यात असा: सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेच्या, गणितात 90 मिनिटांत 50 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला 108 सेकंद, टायमर लावून ही सवय करा. पेपर हातात आला की आधी गणित उरकून घ्या. न येणारा प्रश्न कोरा सोडा. अकरावीला आता हात लावू नका. ट्रिक्स पाठ करा. आणि रोज एक पूर्ण मॉक टेस्ट द्या.

मी बरीच वर्षं बारावीला गणित शिकवतो. या मेसेजवर विसंबून मुलं हातातले शेवटचे आठवडे आखतात, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

आधी ते 108 सेकंद. भागाकार बरोबर आहे, पण ती सरासरी आहे आणि सीईटीतला कुठलाच प्रश्न सरासरी नसतो. पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्समध्ये दोन रेषा परस्परांना लंब आहेत असं दिलं असेल, तर दोन्ही वर्गपदांच्या सहगुणकांची बेरीज शून्य धरायची आणि उत्तर लिहायचं. हे पंधरा सेकंदांचं काम. मॅथेमॅटिकल लॉजिकमधलं निगेशनही तसंच. उलट दोन रेषांमधलं कमीत कमी अंतर काढायचं असेल तर क्रॉस प्रॉडक्ट आलं, त्यातली चिन्हं आली, शेवटी वर्गमूळ आलं. चांगल्या मुलालाही तीन मिनिटं लागतात. दोन्ही प्रश्नांना गुण मात्र दोनच.

आता हिशेब करून बघा. 20 सोपे प्रश्न 40 सेकंदांत एक याप्रमाणे केले, तर सव्वातेरा मिनिटांच्या आसपास संपतात. 20 मध्यम प्रश्नांना दोन-दोन मिनिटं दिली तर 40 मिनिटं. उरलेल्या 10 अवघड प्रश्नांसाठी साडेछत्तीस मिनिटं हातात राहतात, म्हणजे प्रत्येकी साडेतीन मिनिटांहून जास्त! हा वेळ सोप्या प्रश्नांनी मिळवून दिलेला असतो. टायमर लावून सराव करणारा मुलगा नेमका तो घालवतो. सोप्या प्रश्नावर "अजून मिनिट आहे" म्हणून रेंगाळतो आणि अवघड प्रश्न निम्मा सुटलेला असताना घंटा वाजली म्हणून सोडून देतो. शंभर सेकंद गेले, गुण शून्य. यापेक्षा महाग सौदा या पेपरात दुसरा नाही.

माझ्या वर्गात वेळ मोजतो ती प्रश्न वाचल्यानंतरच्या पहिल्या वीस-पंचवीस सेकंदांची. तेवढ्यात वाट दिसली का? दिसली आणि छोटी असली तर लगेच सोडवा. दिसली पण लांबची असली तर रिव्ह्यूसाठी खूण करा आणि पुढे चला. दिसलीच नाही तर खूण न करता पुढे चला. पहिल्या फेरीत सगळे 50 प्रश्न नजरेखालून गेलेच पाहिजेत, कारण 47व्या क्रमांकावर बसलेला पंधरा सेकंदांचा प्रश्न न वाचता राहिला तर मला फार वाईट वाटतं.

"आधी गणित उरकून घ्या" हा सल्ला तर पाळताच येत नाही. पहिली 90 मिनिटं फिजिक्स-केमिस्ट्रीचीच असतात. ती संपल्यावर कॉम्प्युटरवर तो भाग बंद होतो आणि मग गणित उघडतं. म्हणजे गणित सुरू होतं तेव्हा डोकं दीड तास राबलेलं असतं. घरी पहाटे ताज्या डोक्याने गणित करणाऱ्या मुलांना याचा धक्का बसतो. म्हणून आठवड्यातून दोनदा तरी आधी दीड तास बाकीचे दोन विषय सोडवा आणि मधे न उठता गणिताला बसा.

कोरा प्रश्न सोडणं म्हणजे जेईईचा, आयआयटी-एनआयटीसारख्या संस्थांच्या प्रवेश परीक्षेचा, नियम सीईटीला लावणं. जेईई मेनमध्ये चुकीच्या उत्तराचा एक गुण कापला जातो, सीईटीत काहीच कापलं जात नाही. 12 प्रश्नांवर नुसते अंदाजाने पर्याय निवडले तरी चारांत एक या हिशेबाने सरासरी 3 बरोबर येतात, म्हणजे 6 गुण. एखादा पर्याय खोडता आला तर त्याहून जास्त. शेवटची दोन मिनिटं यासाठी राखून ठेवा.

अकरावीबद्दल फार बोलायला नको. 50 पैकी साधारण 10 प्रश्न तिथले असतात, म्हणजे 20 गुण. शिवाय सगळं पुस्तक लागत नाही, ठरावीक धडेच लागतात.

ट्रिक्सबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. शून्य ते पाय बाय 2 या मर्यादांमधलं इंटिग्रेशन, वर साइनचा घात, खाली साइन आणि कॉसच्या त्याच घातांची बेरीज. उत्तर पाय बाय 4. हे सगळ्यांना पाठ असतं. पण मर्यादा पाय बाय 6 ते पाय बाय 3 केल्या की उत्तर पाय बाय 12 होतं, आणि पर्यायांत पाय बाय 4 वाट बघत बसलेला असतो. मर्यादांची बेरीज पाय बाय 2 आली की साइन-कॉसची अदलाबदल होते, दोन रूपांची बेरीज 1 होते, म्हणून उत्तर मर्यादांमधल्या फरकाच्या निम्मं. एवढं ज्याला समजलंय त्याला दोन्ही प्रश्न दहा सेकंदांचे. तो वेगही ट्रिकचाच आहे, पण समजून आलेला.

राहिली रोजची मॉक टेस्ट. टेस्ट दिल्यानंतर ती तपासायला किमान तेवढाच वेळ लागतो आणि रोज टेस्ट देणाऱ्याकडे तो उरत नाही. आठवड्याला दोन पुरेत, आणि जमल्यास कॉम्प्युटरवर द्या. मोबाइलवर दिली तर नजर स्क्रीनवरून रफ कागदावर न्यायची सवय होत नाही. मग वहीत तीन रकाने करा: माहीत नव्हतं, माहीत होतं पण वेळ लागला, घाईत चुकलं. गेल्या वर्षी एका मुलीच्या तिसऱ्या रकान्यात 11 प्रश्न निघाले. "सर, मला इंटिग्रेशन येतच नाही," असं ती महिनाभर म्हणत होती. आम्ही रफ कागद काढून बघितले तर त्यातल्या 7 प्रश्नांत स्क्रीनवरून उतरवतानाच वजाचं चिन्ह सुटलेलं. तिने उतरवलेली पहिली ओळ स्क्रीनशी ताडून बघायची सवय लावली, दोन-तीन सेकंदांचं काम. पुढच्या टेस्टला त्या रकान्यात 2 प्रश्न होते.